चोक खाली केला की स्प्लेंडर बंद पडते, तर नवा कार्बोरेटर घ्यायच्या आधी

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. वडिलांची २००१ ची स्प्लेंडर, दीड वर्ष गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती, आता तू टाकीत वरून दोन लिटर नवं पेट्रोल टाकलंस तर चोक देऊन पाच-सात किकमध्ये चालू होते, चोक खाली केला की दोन सेकंदात बंद. अर्धा चोक ठेवून कशीबशी रस्त्यावर काढलीस तर ॲक्सिलेटर पिळला की मिसिंग मारते आणि सायलेन्सरमधून काळा धूर. आणि मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, गेला, नवाच टाका.

थांब जरा. माझं बार्शीकडे फाट्यावर गॅरेज आहे, सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि माझं मत सांगतो: या गाड्यांचा कार्बोरेटर असा सहजासहजी "जात" नाही. त्यात जायला आहे काय? एक ॲल्युमिनियमसारखी बॉडी, पितळेची दोन जेट म्हणजे बारीक भोकाच्या पेट्रोलच्या तोट्या, वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट, त्याच्या जोरावर पेट्रोल थांबवणारी एक छोटी निडल, ॲक्सिलेटरबरोबर वर खाली होणारा पिस्टन. खूप वर्षांनी पिस्टन आणि बॉडी घासून ढिली होते ते खरं, पण उभ्या गाडीत ते कसं होईल? उभ्या गाडीत साचतो तो फक्त मळ. तुझ्या गाडीवर जर कंपनीतून आलेला केहीन नावाच्या कंपनीचा कार्बोरेटर असेल तर तो कुणाला जुन्यात देऊ नकोस. बाजारात सातशे-आठशेला मिळणारे डुप्लिकेट मी बसवलेत आणि परत काढलेत, त्यातल्या जेटच्या आकड्यांवर माझा भरवसा नाही.

आधी गाडी काय सांगतेय ते समजून घे. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडावरची एक झडप, ती लावली की हवा कोंडते, इंजिनची ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा लागते, थंड इंजिनला पेट्रोल जरा जास्त लागतं म्हणून चोक. आता चोकवर चालते आणि चोक काढल्यावर मरते म्हणजे एक तर स्लोच्या, म्हणजे आयडलच्या (ॲक्सिलेटर न पिळता चालू गाडीच्या) रस्त्याने पेट्रोल येत नाहीये, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जॉइंटमधून फुकटची हवा आत शिरतेय. आणि काळा धूर? तो अर्ध्या चोकचा असू शकतो, पण दीड वर्ष उभी गाडी म्हटल्यावर मला पहिला संशय एअर फिल्टरचा. म्हणजे तुझ्या गाडीत मला दोन दुखणी दिसतात, स्लो जेट बंद आणि हवेचा रस्ता कोंदलेला, आणि दोन्ही घरी साफ होण्यासारखी आहेत.

फिल्टरपासून सुरुवात कर, कार्बोरेटरला हात नंतर. साइड पॅनल काढून फिल्टरच्या डब्याचं झाकण उघड आणि हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघ. हसण्यावारी नेऊ नकोस, गोठ्याशेजारी उभी गाडी म्हणजे उंदराला आयतं घर. मागच्या पावसाळ्याआधी एका शेतकऱ्याची अशीच उभी गाडी आली, डबा उघडला तर आत बारदानाची सुतळी, कापूस, ज्वारीचा पाचोळा असं गच्च घरटं, आणि फोमला दहा रुपयाच्या नाण्याएवढं भोक कुरतडलेलं. त्या भोकातून घरट्याचा भुगा थेट कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत गेला होता. तो माणूस आधी दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून आला होता, दोन्हीकडे डबा कुणी उघडलाच नाही, म्हणून चार दिवसात गाडी परत तशीच. तसंच कुंभारीण माशी, ती तर डब्याच्या हवेच्या नळीत किंवा कार्बोरेटरच्या बारीक रबरी पाइपात मातीचं घर बांधते, बाहेरून काही दिसत नाही.

फिल्टर कुठला आहे ते बघ. जुन्यांमध्ये फोम येतो. फोम दोन बोटांत दाबून बघ, परत फुगला तर चांगला, दाबल्यावर रव्यासारखे कण सुटले किंवा बोटाला चिकटला तर तो कुजलाय, धुवायच्या भानगडीत न पडता नवा घे, कारण तेच कण पुढे जेटमध्ये जाऊन बसणार. चांगला असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये दाबून दाबून मळ काढायचा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात, आणि सावलीत पूर्ण वाळवायचा. पिळायचा नाही, कपड्यासारखा पिळला की फाटतो, फक्त तळहातात दाबायचा. पेट्रोलने धुऊ नकोस, आगीचा धोका आहे आणि फोमचा जोडही सुटतो. वाळल्यावर त्याला ८०-९० नंबरचं गिअर ऑइल चोळून, जास्तीचं दाबून काढून बसवायचं. हे तेलाचं बरेच जण विसरतात, कोरडा फोम म्हणजे नुसती चाळणी, बारीक धूळ तेलालाच चिकटते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे जी पिठासारखी धूळ उडते ती कोरड्या फोममधून सरळ आत जाते आणि इंजिनचे रिंग-पिस्टन खाते.

कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही. कोरडा कागद असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारायची, बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी घट्ट रुतते. तेलकट चिकट कागद असेल तर त्याला हवाही नाही, नवाच टाकायचा. डबा आतून ओल्या फडक्याने पुस, फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळीला चिरा आहेत का बघ, खाली जी छोटी निपलसारखी ड्रेनची नळी असते ती दाबून साचलेलं तेल-पाणी काढ.

आता पेट्रोल. तू जुन्यावरच नवं ओतलंस, तिथे चूक झाली. सगळं काढ. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप सोडव, पाइपाचं टोक काचेच्या बाटलीत धर आणि कॉक रिझर्व्हला फिरव. ऑनला ठेवलं तर खालचं राहून जातं, आणि घाण खालीच असते. बाटली दहा मिनिटं उजेडात ठेव. खाली वेगळा थर दिसला किंवा तळाशी पाण्याचे गोल थेंब लोळताना दिसले तर कळलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपुढे गेलं की ते दोघे मिळून खाली बसतात. रोज चालणाऱ्या गाडीला एवढा त्रास नाही, टाकी रिकामी होते परत भरते, पण उभ्या गाडीत हाच थर फ्लोटच्या वाटीत जाऊन बसतो. २००१ ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून तिचा पेट्रोल पाइप, ओ-रिंग, वाटीचं पॅकिंग हे रबर फुगलंय का, कडक झालंय का ते बघून घे. पाइप दुमडून बघ, चिरा दिसल्या तर बदल. फार पैशाचं काम नाही.

कार्बोरेटर काढताना गाडी उघड्यावर घे, घरात गॅस-गिझर-देव्हारा असलेल्या बाजूला नको. कॉक बंद, वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल बाटलीत. वरचं गोल झाकण हाताने फिरवून सोडव आणि पिस्टन, त्याची लांब निडल, स्प्रिंग सगळं केबलसकट सरळ वर ओढ, वाकडं ओढलं तर निडल वाकते. ते फडक्यात गुंडाळून हँडलला अडकव, केबल सोडवायची गरज नाही. मग इंजिनकडचे दोन बोल्ट आणि मागच्या रबरी नळीची क्लिप. काढताना बोल्टच्या जॉइंटमधली ओ-रिंग पडून हरवते, ती आधी शोधून डबीत टाक.

बाहेर काढलेला कार्बोरेटर आधी बाहेरूनच ब्रश आणि रॉकेलने धू. वरची माती तशीच ठेवून उघडला की ती माती आत जाते. पांढरा कापड अंथर, त्यावर काम कर, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढ. वाटीचे स्क्रू जपानी पद्धतीच्या खाचांचे असतात, आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात सैल बसतो आणि डोकं खातो. नीट बसणारा घे, आधी दाब, मग फिरव. अडकलाच तर ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका, सुटतो.

वाटी उघडल्यावर तुला काय दिसेल ते सांगतो. तळाशी पिवळसर हिरवा डिंकासारखा थर, जुन्या वॉर्निशचा वास, आणि जिथे पाणी बसलं होतं तिथे पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे धातूच खाल्ला गेलाय, खरवडून खड्डे पाडू नकोस, ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढ. फ्लोटची बारीक पिन हलक्या हाताने एका बाजूने ढकल, पिन धरणारे दोन खांब असतात ते तुटले की बॉडी खरंच गेली, तिथे ठोकाठोकी नाही. फ्लोट कानाशी हलव, आत पेट्रोलचा आवाज आला तर बदल. निडल वॉल्वचं टोक नखाने चाचप, गोल रिंगसारखी खाच लागली तर तो वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवत नाही आणि कार्बोरेटर ओव्हर होतो, खालच्या पाइपातून पेट्रोल टपकत राहतं.

आणि आता स्लो जेट, ज्याच्यासाठी एवढं सगळं. मधलं मोठं ते मेन जेट, त्याच्या शेजारी खोल भोकात लपलेलं बारीक ते स्लो. बरेच जण मेन साफ करतात आणि स्लो तसंच ठेवतात कारण ते पटकन दिसत नाही. काही मॉडेलमध्ये ते बॉडीत ठोकून बसवलेलं असतं, निघत नाही, मग ते ओढायचा प्रयत्न करू नकोस, कार्ब क्लीनरच्या स्प्रेनेच साफ कर. निघणारं असेल तर बरोबर रुंदीच्या चपट्या ड्रायव्हरने काढ, पितळ मऊ असतं. जेटवर आकडा कोरलेला असतो, केहीनच्या जेटवर ३८ असेल तर भोक साधारण ०.३८ मिलिमीटर. एवढ्याशा भोकातून तुझी गाडी चोक नसताना आयडलला पेट्रोल पिते, त्यात डिंकाचा एक पापुद्रा बसला की संपलं.

त्यात तार घालू नकोस. हे मी मनापासून सांगतोय कारण मी घातलीय. शिकत होतो तेव्हाची गोष्ट, एका शाळामास्तरांची सीडी १०० आली, जेट बंद होतं, मी क्लच केबलची एक तार तोडली आणि फिरवून फिरवून भोक मोकळं केलं, गाडी मस्त चालू झाली, मी खूश. पंधरा दिवसांनी मास्तर परत, ॲव्हरेज एकदम खाली आलेलं, प्लग काजळीने काळा. उस्तादांनी जेट काढून सूर्याकडे धरलं आणि मला डोळा लावायला सांगितला. भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं आणि कडेला ओरखडा. त्यांनी स्वतःच्या खिशातून नवं जेट आणून बसवलं, मास्तरांकडून पैसे घेतले नाहीत. ते जुनं जेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नव्या पोराला पहिल्या दिवशी तेच दाखवतो. लोखंडी तार पितळ कापते, आणि कापलेलं भोक परत बारीक करता येत नाही.

मग करायचं कसं? जेट कार्ब क्लीनरमध्ये किंवा स्वच्छ पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेव, डिंक मऊ होतो. सकाळी जुन्या टूथब्रशचा एकच केस उपटून त्यातून आरपार घाल, तो नायलॉनचा असतो, घाण ढकलतो पण पितळाला काही करत नाही. मग उजेडाकडे धर, भोक पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. "उजेड दिसतो म्हणजे साफ" असं नाही, अर्धं बंद असलं तरी उजेड दिसतोच. स्लो जेटच्या अंगाला आडवी बारीक भोकं असतील तर तीही बघ.

बॉडीतले रस्ते स्प्रेने साफ करायचे, आणि इथे डोळ्याला चष्मा लाव. एका भोकात स्प्रे मारला की तो कुठल्या तरी दुसऱ्या भोकातून उलटा तुझ्याच तोंडावर येतो, फार झोंबतं. पण तोच तुझा पुरावा आहे: स्लो जेटच्या जागेतून मारलेला स्प्रे इंजिनच्या बाजूला, पिस्टन बसतो त्याच्या पुढच्या बारीक भोकातून आला पाहिजे. हवेच्या तोंडाशी मागे दोन छोटी भोकं दिसतात, ती हवेची, त्यातूनही मार. जिथून येत नाही तिथे परत भिजव, परत मार. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर फ्लोट, निडल, रबर सगळं काढून मगच.

बाजूला जो छोटा मिक्सचर स्क्रू असतो तो काढायच्या आधी हलक्या हाताने आत फिरव आणि किती फेऱ्यांत टेकला ते कागदावर लिही. समज पावणेदोन फेऱ्या. टेकला की थांब, जोर लावला तर टोक आणि आतली सीट दोन्ही खराब. साफ करून परत टेकव आणि तेवढ्याच फेऱ्या बाहेर काढ. हा आकडा न लिहिता स्क्रू काढलेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि मग अर्धा दिवस सेटिंगमध्ये जातो. एक खूण लक्षात ठेव: स्क्रू पिस्टनच्या मागे, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पिस्टनच्या पुढे, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण जाड होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं.

बसवायच्या आधी इंजिनकडचं तोंड सपाट काचेवर ठेवून बघ. बोल्ट कुणीतरी जास्त आवळलेले असतील तर ते वाकतं आणि मधून उजेड दिसतो, तीच ती फुकटची हवा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलकं घासलं की सपाट होतं. ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी. बोल्ट दोन्ही आलटून पालटून, सारखे आवळ.

पिस्टन घालताना घाई नको. त्याला एका बाजूला खालून कापलेला भाग असतो, तो फिल्टरकडे यायला हवा, आणि उभी खाच बॉडीतल्या छोट्या पिनवर बसायला हवी. उलटा बसला तर चालू केल्याबरोबर गाडी फुल रेस होते. झाकण लावल्यावर, गाडी बंद असतानाच, ॲक्सिलेटर पिळून सोड, आतून "टक" असा खाली बसल्याचा आवाज आला पाहिजे, हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवूनही आला पाहिजे. तो आवाज येईपर्यंत किक मारू नकोस.

आता ताजं पेट्रोल टाक, कॉक ऑन कर, दोन मिनिटं थांब आणि खालच्या ओव्हरफ्लो पाइपाकडे बघ, कोरडा राहिला तर पुढे. गाडी चालू करून तीन-चार किलोमीटर फिरवून गरम कर, थंड इंजिनवर स्लो सेटिंग करायचं नाही. चोक पूर्ण खाली. पिस्टन उचलून धरणाऱ्या मोठ्या स्क्रूने आयडल जरा वर घे, मग मिक्सचर स्क्रू पाव-पाव फेरीने आत बाहेर करून बघ, एका जागी इंजिनचा आवाज सगळ्यात वर जातो आणि एकसारखा होतो. तिथे थांब आणि मोठ्या स्क्रूने आयडल परत खाली आण. या गाडीचं आयडल साधारण १४०० च्या आसपास असतं, आरपीएमचा काटा नाही म्हणून कानाने, ठोके वेगवेगळे मोजता येऊ नयेत आणि गाडी थरथरूही नये. एवढं करूनही रेस आपोआप वरखाली होत असेल तर जॉइंटवर साबणाचं पाणी थोडं थोडं सोड, आवाज बदलला तर हवा तिथूनच घेतेय.

दहा-बारा किलोमीटर चालवून प्लग काढ. बिस्किटाचा रंग असेल तर जमलं. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर अजून कोंदलेला, पांढरा फटक असेल तर हवा जास्त, तशी चालवू नकोस, इंजिन तापतं. आणि आयडल छान पण चार-पाच किलोमीटरवर अचानक बंद, थोडं थांबलं की परत चालू, असं झालं तर कार्बोरेटर परत उघडायच्या आधी टाकीचं झाकण उघड, "फुस्स" आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, पाच मिनिटांचं काम.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या स्प्लेंडरला फ्युएल इंजेक्शन आलं, त्यात कार्बोरेटरच नसतो, त्यामुळे माझ्याकडे शिकायला येणारी पोरं आता कार्बोरेटर उघडायला कंटाळतात, बदला म्हणून सांगणं त्यांना सोपं जातं. तू वेळ काढून एक रविवार दे, वडिलांची गाडी आहे. आणि पुढे कधी परगावी गेलास आणि गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेव, मग ड्रेन स्क्रूने वाटीत उरलेलं पेट्रोल काढून टाक, आणि डब्याच्या हवेच्या तोंडाला फडकं कोंब. फक्त ते फडकं लाल रंगाचं घे आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबत ठेव, म्हणजे परत आल्यावर काढायचं विसरणार नाहीस.